राखण कोणाची ?

कुत्रा पाळावा तो राखणीसाठीं, अशी आपल्याकडील परंपरागत समजूत आहे. धनगराचा कुत्रा मेंढरें राखतो, शेतकऱ्याचा खळें राखतो, आणि वाड्यांतला कुत्रा निदान दाराशीं पडून येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरतो. भाकरतुकड्याच्या मोबदल्यांत कांहींतरी काम करणें हा जणूं त्या जातीचा धर्मच. या धर्मांत न बसणारा एक प्राणी गेलीं चार वर्षें माझ्या घरांत आहे. त्याचें नांव कापूस, जात पॉमेरेनियन, वजन माझ्या कपाटांतील जाड्या शब्दकोशाहून फारसें अधिक नाहीं.

पौडच्या पुढें, मुळशी धरणाच्या वाटेवर, एका लहानशा गांवीं मी निवृत्तीनंतर येऊन राहिलों. मुलगी नोकरीनिमित्त परदेशीं गेली, आणि तिची ही ठेव माझ्या ओट्यावर आली. पहिल्याच दिवशीं दूध घालावयास आलेल्या गड्यानें त्याच्याकडे व माझ्याकडे आळीपाळीनें पाहून विचारलें, "काका, ह्यो राखणीला आणलाय, का ह्याचीच राखण करायची ?" मीं हंसून वेळ मारून नेली, परंतु प्रश्न घरांत राहून गेला.

खरें पाहतां राखण त्याचीच करावी लागते. मुळशीचा पाऊस म्हणजे पुण्याचा पाऊस नव्हे. चार महिने येथें भिंतींनासुद्धां ओल येते. मग दुहेरी केंसांच्या या जीवाची कथा काय! वरचे लांब केंस वाळलेले दिसतात, पण आंतली मऊ लोकर ओलीच राहते आणि कातडी चिघळते. म्हणून फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसणें, एक दिवसाआड फणी करणें, कानांमागें गोचीड चांचपणें हा आमचा नित्यनेम. गोचिडांपासून येणारा ताप एवढ्याशा देहाला झेपत नाहीं. उंदरांनीं घाण केलेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही सोडीत नाहीं. त्याची व रेबीजची लस दरसाल टोचून घ्यावी लागते. "उन्हाळ्यांत केंस भादरून टाका" असा सल्ला पुष्कळ जण कळकळीनें देतात. पण तेच केंस उन्हापासून त्याच्या कातडीचें रक्षण करतात, आणि एकदां मुळापासून कापलेले पुन्हां नीट येतीलच असें नाहीं. गळपट्ट्याला हिसका बसला तर त्याची नाजूक श्वासनलिका दबते, म्हणून पट्टा छातीला बांधावयाचा. कांदा, द्राक्षें, बेदाणे, चॉकलेट हे आपले जिन्नस त्याला विषासमान. तेव्हां सणावारीं प्रत्येक पाहुण्याला बजावावें लागतें. दिवस मावळला कीं त्याला घरांत घ्यावयाचें. कारण या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे, आणि त्याच्यापुढें गांवच्या थोराड कुत्र्यांचाही निभाव लागत नाहीं.

गंमत अशी कीं, या जातीचे पूर्वज असे दुबळे नव्हते. बाल्टिक समुद्राकांठच्या पॉमेरेनिया प्रांताचें नांव मिळालेले ते कुत्रे आकारानें चांगले मोठे असत. १८८८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें फ्लॉरेन्सच्या प्रवासांतून मार्को नांवाचा एक लहान पॉमेरेनियन मायदेशीं नेला, आणि पुढें लहानांतून लहान निवडण्याची हौस वाढतच गेली. म्हणजे कापसाचें दुबळेपण ही मनुष्याचीच करणी. ज्याला आपण आपल्या मांडीच्या मापानें घडविलें, त्यानें आपली राखण करावी, असें कोणत्या तोंडानें म्हणावें ?

मला मात्र अलीकडे वेगळाच हिशेब सतावूं लागला आहे. कापूस सहा वर्षांचा आहे, आणि त्याची जात बारा ते पंधरा वर्षें जगते. मी एकाहत्तराव्या वर्षांत आहें. कुत्रा गेल्याचें दुःख माणूस सोसतो. माणूस गेल्यावर कुत्र्यानें काय करावें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. १९०१ च्या जानेवारींत त्याच व्हिक्टोरिया राणीच्या मृत्युशय्येवर तिचा तुरी नांवाचा पॉमेरेनियन आणून ठेवला होता. पण राणीच्या मागें तुरीला राजवाडा होता. माझ्या मागें ओटा आहे, आणि ओट्यापुढें पाऊस. धर्मराजानें कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, ही कथा आपण अभिमानानें सांगतों. परंतु त्याचा कुत्रा शेवटच्या पावलापर्यंत त्याच्या बरोबर चालला होता. माझ्या कुत्र्यास बहुधा मागें राहावयाचें आहे. धरणाच्या रस्त्यावर सोडून दिलेलीं पाळीव कुत्रीं मीं पाहिलीं आहेत : गळ्यांत अजून पट्टा, आणि थांबणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे लागलेली नजर.

म्हणून गेल्या पावसाळ्यांत मीं एक वही केली. लसींच्या तारखा, जेवणाचें माप, फणी कोणत्या बाजूनें फिरवावी, सारें तींत लिहिलें; त्याच्या खर्चासाठीं थोडी रक्कम पोस्टांत वेगळी ठेवली; आणि शेजारच्या घरीं जाऊन आईवडिलांच्या देखत त्यांच्या मुलीला विचारलें. ती नववींत शिकते. शाळेंतून परततांना रोज कापसाशीं घटकाभर खेळते. वडील म्हणाले, "आबा, असं वंगाळ कशाला बोलता ?" आई कांहींच बोलली नाहीं, पण तिनें वही माझ्या हातांतून घेऊन मुलीकडे दिली. मुलीनें ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणें वाचली, आणि म्हणाली, "ढग गडगडले की तो पलंगाखाली जातो. तेव्हा त्याला ओढायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. हे पण लिहूया."

मीं लेखणी तिच्यापुढें केली. वहींतील तेवढें वाक्य तिच्या अक्षरांत आहे.