आधी तारीख

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या पिंपळनेरात माणूस गेला की बातमी अजूनही तोंडोतोंडी फिरते, पण आता तिच्या आधी मोबाईल फिरतो. हसऱ्या चेहऱ्याचा एखादा जुना फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली अंत्ययात्रेची वेळ. दूरच्या नात्यातल्या एका आबांची अशी पोस्ट मला तिसऱ्या दिवशी दिसली. तीत लिहिलं होतं, ‘अंत्ययात्रा आज सकाळी १० वाजता राहत्या घरून निघेल.’ आज. शेदीडशे जणांनी खाली श्रद्धांजली वाहिली, म्हणून ती पोस्ट वर चढत चढत माझ्यापर्यंत आली. पोस्ट टाकली तेव्हा ती ज्यांच्यासाठी होती, त्यांच्यातला मी एक होतो. नंतर दारावर जाऊन बसलो. घरच्यांनी विचारलं काहीच नाही. पण खांदा द्यायची वेळ गंधमुक्तीच्या दिवशी परत येत नसते.

त्यानंतर मी मोबाईलमधली फीड वेळेच्या क्रमावर केली. म्हणजे जे सर्वांत ताजं ते वर, त्याआधीचं त्याच्या खाली. कोणाला किती लाइक मिळाले, मी कशावर किती सेकंद थांबलो, कोणत्या व्हिडिओवर लोक भांडताहेत, यातल्या कशालाही क्रम ठरवायचा हक्क नाही.

हा क्रम कोणाचा नवा शोध नाही, तो आपल्याकडून काढून घेतला गेला होता.  ट्विटर पहिली दहा वर्षं जवळजवळ निव्वळ घड्याळावर चालत होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्विटरनं स्वतः निवडलेले ट्वीट आधी दाखवायला सुरुवात केली. मार्चमध्ये इन्स्टाग्रामनं सांगितलं की लोकांच्या नजरेतून त्यांच्या फीडमधल्या सरासरी ७० टक्के पोस्ट सुटतात, तेव्हा यापुढे क्रम आम्ही लावू. लोक नाराज झाले, तक्रारी करत राहिले. सहा वर्षांनी, २०२२ च्या मार्चमध्ये, इन्स्टाग्रामनं ‘फॉलोइंग’ हा पर्याय दिला आणि त्याच वर्षी जुलैत फेसबुकनं ‘फीड्स’. दोन्ही आजही मेनूच्या आत आहेत. अ‍ॅप उघडलं की समोर येतो तो कंपनीचाच क्रम. वेळेचा क्रम हवा असेल तर दर वेळी आत जाऊन मागायचा.

सत्तर टक्के सुटतात, या म्हणण्यात तथ्य आहे. शेकडो माणसं आणि पानं फॉलो केली तर सुटणारच. पण त्यावरचा उपाय वाचणाऱ्याच्या हातात होता. वेळेच्या क्रमावर आल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं की मी नेमकं काय काय गोळा करून ठेवलंय. कधीतरी सहज फॉलो केलेली कितीतरी पानं सकाळपासून रात्रीपर्यंत ओरडत होती. ती एकेक करून काढली. मग एक गोष्ट घडली, जिची सवयच गेली होती: फीड संपायला लागली. काल रात्री जिथं थांबलो होतो तिथं पोचलो की पुढं नवं काही नाही. फोन खाली ठेवायला कारण मिळालं.

पण माझ्या मनात हा विषय खरा रुजला तो कांद्यामुळे. आमचा भाग पांझरा नदीच्या उगमाकडचा, लाटीपाडा धरणाच्या पाण्यावरचा. साक्री बाजार समितीचा उपबाजार पिंपळनेरला आहे आणि हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्यावर येतात. लिलाव सुरू झाला की कोणी ना कोणी मोबाईल वर धरून व्हिडिओ काढतोच. त्यात एखाद्या ट्रॅक्टरला त्या दिवसाचा सगळ्यात चढा भाव लागतो. माल निवडक असतो, रंगाला, आकाराला, पत्तीला सरस. तो व्हिडिओ उचलला जातो. त्याच बाजारात पन्नास ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी खाली विकले गेलेले असतात आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तर मातीमोल गेलेली असते. त्याचा व्हिडिओ कोण काढणार? आणि काढला तरी पुढे कोण पाठवणार? लोकांच्या पसंतीवर चालणाऱ्या फीडमध्ये असा एक बाजार तयार होतो जिथं रोज चढाच भाव असतो. परवाचा चढा भाव आज, आजचा चार दिवसांनी. चाळीत कांदा घालून बसलेला माणूस हा बाजार पाहतो आणि मनात एक आकडा धरतो. खऱ्या बाजारात ट्रॅक्टर लावला की तो आकडा निघत नाही. मग व्यापाऱ्याशी वाद, हमालाशी वाद, घरी गेल्यावर घरच्यांशी वाद.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले, लासलगावपासून आमच्याकडपर्यंत लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले. तो हंगाम लाल कांद्याचा. लाल कांदा चाळीत ठेवून वाट बघता येत नाही, काढला की विकावाच लागतो. त्या आठवड्यात कालचा भाव आणि आजचा भाव यांच्यात अख्ख्या हंगामाचं नुकसान मावत होतं. आणि तेव्हाही मोबाईलवर बंदीच्या आधीचे चढ्या भावाचे व्हिडिओ वर वर येतच होते, कारण बंदीच्या रागात लोक तेच पुन्हा पुन्हा बघत होते, शेअर करत होते. पारावर बसलेले एक जिभाऊ पोराच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून म्हणाले, “हाऊ कालदिनना भाव शे, आजना नही.” तो कालचाही नव्हता. आठवड्यापूर्वीचा होता.

भाव असो की मौतीची वार्ता, तारीख काढली की ती बातमी राहत नाही. हे आमच्याच जिल्ह्यात अखेरचा श्वास घेतलेल्या एका माणसानं आयुष्यभर घसा कोरडा करून सांगितलं होतं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं, ते आजही आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा त्यांचा पहिला खंड १८९८ चा. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, कसरीनं खाल्लेल्या दप्तरांतून त्यांनी कागद गोळा केले. मराठेशाहीच्या काळातल्या कितीतरी पत्रांवर चंद्र, म्हणजे महिन्यातला दिवस, आणि महिना असतो, साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असायचं. शंभर-दीडशे वर्षांनी तेच पत्र हातात आलं की आतल्या खुणांवरून, कोण कुठे होता, पाऊस लागला होता की उघडला होता, यावरून साल ठरवावं लागतं. एका पत्राचं साल चुकलं तर लढाई आधी आणि तिचं कारण नंतर, असा उलटा इतिहास उभा राहतो. म्हणून राजवाड्यांचा बखरींवर भरवसा नव्हता. बखरकार रंगवून सांगतो, श्रोत्याला आवडेल ते पुढे आणतो. राजवाड्यांना अस्सल कागद हवा होता आणि कागदावर मिती.

शकावली हा बखरीच्या अगदी उलट प्रकार. जेधे शकावली टिळकांनी १९१६ साली छापली. तिच्यात सालवार, तिथीवार नोंदी आहेत, बहुतेक एकेका ओळीच्या. जन्म, लढाई, मृत्यू, सगळं सारख्याच आवाजात. कुठली नोंद मोठी, कुठली किरकोळ, हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलं नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी अशाच एका नोंदीतून पुढे आली. बखरींतल्या तिथी वेगळ्या होत्या. तीनशेहून अधिक वर्षांनंतर निर्णय लागताना बाकी साऱ्या वर्णनांपेक्षा ही कोरडी ओळ वजनदार ठरली. माझ्या हातातल्या फीडला मला बखर होऊ द्यायचं नाही. मला ती शकावली हवी आहे, मग ती कितीही रूक्ष असो.

इथंच थांबता आलं असतं, पण पिंपळनेरच्या माणसाला थांबता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं राईनपाडा हे आदिवासी गाव, त्या दिवशी तिथं बाजार भरलेला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. पोरं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा कितीतरी दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. जमावानं त्या पाच जणांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. भिक्षेकऱ्याला ओंजळभर धान्य घालून पाठवणारा हा मुलूख. त्या वर्षापासून परका माणूस दिसला की आमच्याकडची नजर बदलली आणि ती अजून पुरती पूर्ववत झालेली नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर अल्गोरिदम क्रम लावत नव्हता. तिथं निरोप आले त्या क्रमानंच दिसत होते, निव्वळ घड्याळानं. म्हणजे ज्या क्रमाची मी इतकी बाजू घेतो आहे, तोच क्रम राईनपाड्याच्या लोकांच्या हातात होता आणि त्यानं कोणालाही वाचवलं नाही. हे मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. त्या साली देशभर फिरलेला एक व्हिडिओ होता: मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावरून एक पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी २०१६ मध्ये केलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता. शेवटी ते दोघं पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढा भाग कापलेला. पाहणाऱ्याच्या फोनवर त्याच्याखाली वेळ दिसत होती, पण ती निरोप आल्याची. व्हिडिओ कुठला, कधीचा, कोणी काढला, यातलं काहीच त्याच्यासोबत आलं नव्हतं. दोन वर्षं जुनी, दुसऱ्या देशातली गोष्ट ‘आत्ता, सकाळी ९ वाजून १० मिनिटं’ होऊन आली. क्रम शाबूत होता, तारीख पुसलेली होती.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं पुढे ढकललेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण टाकायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. वेग कमी झाला, हे चांगलंच झालं. पण निरोप पुढे ढकलला गेलाय हे कळून त्याचं वय कळत नाही.

म्हणून वेळेच्या क्रमाची भलामण करताना मी हात राखून बोलतो. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात संशोधकांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो लोकांची फीड तीन महिने वेळेच्या क्रमावर ठेवली होती. निष्कर्ष २०२३ च्या जुलैत ‘सायन्स’मध्ये आले. लोक त्या अ‍ॅपवर कमी वेळ घालवू लागले. फेसबुकवरची शिवीगाळ कमी दिसली. पण भरवशाच्या नसलेल्या ठिकाणांहून आलेला मजकूर वाढला आणि लोकांची राजकीय मतं फारशी हलली नाहीत. गाळणी काढली की चांगल्याबरोबर कचराही येतो. मला हे पटतं, आणि तरीही मी माझ्या फीडचा क्रम बदलणार नाही. समोर कचरा आला तर तो कधीचा आणि कोणाचा हे मला दिसायला हवं. तो कोणी माझ्या आवडीचा अंदाज बांधून वर आणलेला असेल तर माझा राग आणि माझी भीती हीच त्याची शिडी झालेली असते, आणि ते मला कळतही नाही.

युरोपात २०२३ च्या ऑगस्टपासून मोठ्या कंपन्यांना वापरणाऱ्याच्या सवयींवर आधारलेला नसेल असा निदान एक क्रम द्यावाच लागतो, कायद्यानं. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांत असं कलम नाही. ते यायला हवं, आणि एकदा निवडलेला क्रम अ‍ॅप बंद केल्यावर आपोआप बदलता कामा नये. त्याहून मोठी मागणी फॉरवर्डची. व्हिडिओ पहिल्यांदा कधी पाठवला गेला तो दिवस त्याच्यासोबत चालत राहावा, पन्नासाव्या हातापर्यंत.

तोवर काही गोष्टी आपल्याच हातात आहेत.  पावसाळ्यात लाटीपाडा धरण भरलं की सांडव्याचे व्हिडिओ फिरायला लागतील आणि त्यांत २०१९ च्या ऑगस्टातल्या पांझरेच्या पुराचे व्हिडिओही मिसळलेले असतील, दर वर्षी असतात. नदीकाठच्या खालच्या गावांत माणसं त्यावरून गुरं सोडायची की नाही, पाण्याच्या मोटारी काढायच्या की नाही ते ठरवतात. आमच्या ग्रुपवर मी सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय: व्हिडिओ स्वतः काढला असेल तर खाली दिवस, वेळ आणि जागा लिहायची, दुसऱ्याकडून आला असेल तर ज्यानं पाठवला त्याला फोन करून विचारायचं, तिथंही कळलं नाही तर टाकायचा नाही.