हाताच्या उंचीचा पट्टा

गुंजी गावातल्या आमच्या घरी रंगारी लागलेत म्हणून गेले होते. सोप्याची भिंत खरवडताना आधी पिस्ता रंगाचे पापुद्रे गळले, त्याखालून फिकट निळा भुगा पडला आणि सगळ्यांत आतून चुन्याचा वास आला. पाणी लागलेल्या जुन्या चुन्याचा. पुतण्या म्हणाला, "आत्या, सरक की बाजूला, धूळ बसेल अंगावर." मी सरकले नाही.

त्याला ग्रे हवा आहे. त्याच्या बायकोलाही. रंगांचं कार्ड दोघांनी खानापुरातून आणलेलं, त्यात एकट्या राखाडीची दोन पानं. बेळगावातल्या नव्या फ्लॅटांत तोच असतो, मोबाइलवर दिसणाऱ्या घरांतही तोच. घर आता त्यांचं आहे आणि राहायचं त्यांना आहे. पण माझा त्या रंगावर राग आहे आणि तो जाणार नाही. खानापूर तालुक्याच्या या जंगलपट्टीत जून ते सप्टेंबर आभाळ त्याच रंगाचं असतं. चार महिने तो रंग पाहून ज्यांचे डोळे विटले, त्या आमच्या बायकांनी घराच्या आत कधी राखाडी येऊ दिला नाही. आत पांढरं हवं, आणि खाली काव हवी.

काव म्हटलं की आई दिसते. उकिडवी बसलेली, डाव्या हाताशी करवंटी, उजव्या हातात कापडाचा बोळा. भिंतीच्या बुडाला ती तांबडा पट्टा ओढत जायची. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, न उठता, बसल्या बसल्या सरकत. पट्ट्याची वरची कड दोरी लावल्यासारखी सरळ यायची आणि दोरी कुठंच नसायची. बसलेल्या बाईचा हात जिथवर सहज जातो, तिथवर पट्टा. मोजमाप तेवढंच.

ही दिवाळीआधीची कामं. पाऊस उघडला की पश्चिमेच्या भिंतीला लावलेला पेंढा काढायचा, भिंतीला ऊन दाखवायचं, मग चुना. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की तो रटरटून उकळायचा, आणि आम्हा पोरांना लांब उभं राहायची सक्त ताकीद असायची. दोन दिवस विरवून, फडक्यातून गाळून त्यात भाताची पेज, थोडं मीठ आणि चिमूटभर नीळ. पेजेनं चुना हाताला लागत नाही म्हणायचे. नारळाच्या सोडणाचं टोक ठेचून केलेला कुंचा असायचा. पहिला हात मारल्यावर भिंत मळकीच दिसे. वाळत जाईल तशी उजळायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोपा मोठा झाल्यासारखा वाटायचा.

दक्षिण आफ्रिकेत ब्लाँबॉस नावाची गुहा आहे. तिथे सुमारे १ लाख वर्षांपूर्वी माणसांनी शिंपल्यांत कालवून ठेवलेली काव सापडली. हाडांतली चरबी आणि कोळशाची पूड घालून घोटलेली. हे वाचलं तेव्हा मला त्या शिंपल्यांच्या जागी आमची करवंटीच दिसली. इतकं लांब जायचंही कारण नाही. घाट उतरून गोव्यात गेलं की देवळांच्या जुन्या भिंतींवर कावी काम दिसतं. शिंपल्यांच्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि ओला आहे तोवर अणकुचीदार हत्यारानं कोरत जायचं. कोरलं तिथे खालचा पांढरा वर येतो. वेली, मोर, देव, सगळं दोन रंगांत. त्याचा आज अभ्यास होतो, जतन होतं, आणि ते व्हायलाच हवं. आईच्या पट्ट्यात ना वेल होती ना मोर. माती आणि चुना मात्र तोच.

दारं-खिडक्यांना ऑइलपेंट आला तो वडिलांच्या काळात. डब्यावर गट्टू होता, हातात ब्रश घेतलेला तो खट्याळ पोरगा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला. रंग संपल्यावर त्या डब्यात आईनं ओवा लावला आणि ओव्याच्या पानांआडून गट्टू कित्येक वर्षं बघत होता. त्या रंगानं लाकूड टिकलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार भिंतीची आहे. आमच्या भिंती चिऱ्याच्या आणि मातीच्या. पावसाळ्यात त्या ओल पितात, उन्हाळ्यात सोडतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, तरी त्यातून भिंतीला श्वास राहतो. वरून प्लॅस्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते. मागं एकदा सोप्याला पुट्टी भरून तसला चकचकीत रंग दिला होता. करणाऱ्यानं सांगितलं होतं, दहा वर्षं बघायला नको. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला फोड आले, मग पोपडे. त्यानंतर सगळे भिंतीलाच नावं ठेवू लागले. भिंतीचा काय दोष?

पण मला सांगायचं आहे ते पट्ट्याबद्दल. आईचे गुडघे गेले आणि ती उकिडवी बसेना. पाय पसरून, एका बाजूला कलून ती पट्टा ओढू लागली, आणि पट्टा खाली आला. दर दिवाळीला थोडा थोडा खाली. वर मागल्या वर्षीची कड चुन्याखालून पुसट दिसायची. पुढं ते काम वहिनीनं घेतलं. वहिनी उंच. त्या वर्षी पट्टा एकदम वर गेला, आणि आई पुष्कळ वेळ भिंतीकडे बघत बसली. म्हणाली, "बरा झालाय."

आई या घरात लग्न होऊन आली त्याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ ला, आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घराजमिनीचा उतारा कानडीत. तो तिला कधी वाचता आला नाही. वाचून घ्यायला शेजारी जावं लागे, आणि त्याचा तिला शेवटपर्यंत त्रास झाला. पण खरं सांगायचं तर उतारा मराठीत असता तरी तिचं नाव त्यात नव्हतं. माझंही नाही, वहिनीचंही नाही. घर तिनं पन्नास वर्षं सारवलं, रंगवलं, आणि कागदावर ती कुठंच नाही. ती होती त्या तांबड्या कडेवर, गुडघे धड असताना वर आणि गेल्यावर खाली. रंगाऱ्यांच्या पट्टीनं खरवडलं ते तेच.

पुतण्याशी बोलले. तो ऐकणारा आहे. बैठकीची खोली ग्रे होणार, कारण ती सिमेंटची आणि नवी आहे. सोपा आणि माजघर चुन्याचं. चुना मारणारा माणूस शोधायला वेळ लागला, पण मिळाला. पट्टा सुनबाई ओढणार आहे. "आत्या, किती उंच घेऊ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझा हात जाईल तिथवर.

खानापूर, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात चिऱ्याची-मातीची घरं अजून उभी आहेत. ज्यांची आहेत त्यांना हात जोडून सांगते, पुट्टी भरायच्या आधी एकदा चुन्याची चौकशी करा, आणि घरात कुणी म्हातारी असेल तर पट्टा कुठवर असायचा, ते तिलाच विचारा.