पाकिटावरचा आकडा आणि आपली गॅलरी

तुमच्याही घरी परदेशातून कुणीतरी बियांचं पाकीट आणलं असेलच. माझी लेक शिकागोहून आली ती लव्हेंडर घेऊन. पाकिटावर छापलेलं, 'झोन ५ ते ८'. दिवाळीनंतर पेरलं, रोपं छान तरारली. आणि जुलैत, आमच्या डोंबिवलीच्या पावसात, आठ दिवसांत काळी पडून कुजली. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हातचं झाड जगतच नाही!" लागलं हो मनाला.

मग एका सकाळी धीमी लोकल धरून ठाण्याच्या एका नर्सरीत निघाले. तुम्हीही जाऊन बघा. दिवा सोडलं की मुंब्र्याचा डोंगर, मग खाडी, मग कळवा. खिडकीतून लोकांच्या गॅलऱ्या बघायच्या. कुठं जास्वंद, कुठं तुळस. लव्हेंडर एकीच्याही गॅलरीत दिसलं नाही!

नर्सरीतले माळीदादा हसून म्हणाले, "ताई, आपल्याकडं झाड थंडीनं मरत नाही, पाण्यानं मरतं."

तिथंच उलगडा झाला. हे झोन अमेरिकेच्या कृषिखात्याचे. पहिला नकाशा १९६०चा, ताजा २०२३चा. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा किती उतरतो, त्याची ३० वर्षांची सरासरी काढून १३ पट्टे पाडलेत. बर्फात झाड तगेल का, हे कळायला उत्तम. आपल्याकडं पारा १० अंशांखाली क्वचितच जातो, म्हणजे आपण १२व्या पट्ट्याच्या आसपास. '५ ते ८' वाचलं की ओळखायचं, हे थंडीचं झाड. ट्युलिपचे महागडे कंद घेण्याआधी एवढं पाहिलंत तरी पैसे वाचतील.

पण पाऊस, दमट हवा, मे महिन्यातलं ऊन, खाडीचा खारा वारा यांचा त्या आकड्यात पत्ताच नाही. आपल्या राज्याचेही पाऊस आणि माती पाहून शेतीसाठी ९ विभाग केलेत. आपण उत्तर कोकणात. तरी तुमची गॅलरी पश्चिमेची की उत्तरेची, हे कुठला नकाशा सांगणार?

तेव्हा आधी शेजारणीकडं पावसाळ्यात काय जगलं ते विचारा. जूनआधी कुंडीचं भोक मोकळं करा, खाली विटांचे तुकडे ठेवा. आणि झाड गेलं तर लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नका, बरं का!

लेकीला फोन केला, "लव्हेंडर गेलं गं. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं ये. मोगरा लावलाय मी."