नववा टप्पा आणि पंचवीस रुपये

संगणकीय खेळांत ‘रन अँड गन’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात पडद्यावरचे पात्र धावत, उड्या मारत आणि समोर येईल त्या शत्रूवर अखंड मारा करत पुढे सरकते. ज्या फळ्यांवरून, ओट्यांवरून आणि कड्यांवरून ही धाव घ्यायची त्यांना ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर ज्यांनी ‘कॉन्ट्रा’ खेळला आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या अपोजी सॉफ्टवेअर या संस्थेने १९९४ साली प्रकाशित केलेला ‘होकस पोकस’ हा डॉस प्रणालीवरचा खेळ याच कुळातला आहे, मात्र त्यात बंदुकीऐवजी एका शिकाऊ जादूगाराच्या हातून सुटणारी वीज आहे. माइक व्हॉस यांच्या मूनलाइट सॉफ्टवेअरने तो घडवला. पोपोपा नावाच्या प्रेयसीशी लग्न व्हावे म्हणून जादूगार मंडळाचा प्रमुख टेरेक्सिन सांगेल ते स्फटिक गोळा करत होकस राक्षसांच्या मुलखातून फिरतो, एवढेच कथानक. आणि या प्रकारच्या खेळाला याहून जास्त कथानक लागतही नाही.

या खेळाचे चार भाग असून प्रत्येकात नऊ, म्हणजे एकूण छत्तीस टप्पे आहेत. ही भागांची विभागणी केवळ कथेच्या सोयीसाठी नव्हती, तर तीच विक्रीची पद्धत होती. खेळाचा पहिला भाग कोणीही फुकट घ्यावा, मित्रांना नकलून द्यावा आणि आवडल्यास उरलेले भाग टपालाने पैसे पाठवून मागवावेत, या व्यवहाराला ‘शेअरवेअर’ म्हणतात. स्कॉट मिलर यांनी १९८७ साली स्थापन केलेल्या अपोजीने भागांत विभागलेल्या शेअरवेअरची ही रीत रुळवली आणि १९९० मधील ‘कमांडर कीन’ व १९९२ मधील ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ हे खेळ याच रीतीने घरोघरी पोचले. पहिल्या भागाची फ्लॉपी नकलून विकणाऱ्याने फ्लॉपीची व नकलण्याची म्हणून माफक रक्कम घेणेही या व्यवहारात मान्य होते, ही बाब पुढील हकिकतीत महत्त्वाची आहे.

प्रस्तुत लेखकाच्या हाती हा खेळ १९९६ च्या उन्हाळी सुट्टीत आला. डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकवणाऱ्या एका संगणक-क्लासचे चालक, ज्यांना सारे विद्यार्थी ‘सर’ म्हणत, काउंटरमागच्या खोक्यातून खेळांच्या फ्लॉप्याही विकत असत, आणि त्यांपैकी एकीवर पेनाने ‘होकस पोकस – फुल’ असे लिहिलेले होते. किंमत पंचवीस रुपये. क्लासमधला मॉनिटर कृष्णधवल असल्यामुळे चांदीची किल्ली कोणती आणि सोन्याची कोणती हे रंगावरून कळत नसे. करड्या रंगाच्या एका छटेवरून दुसरी ओळखून कुलूप उघडायचे, चुकल्यास सगळे दालन उलटे चालून यायचे, आणि मध्येच दर्शन देऊन उपदेश करणाऱ्या टेरेक्सिनचे इंग्रजी शब्दकोशात शोधायचे, अशा रीतीने नऊ टप्पे पार पडायला बारा दिवस लागले. नववा टप्पा संपल्यावर दहावा आला नाही. पडद्यावर आली ती उरलेल्या भागांसाठी मागणी कोठे व कशी नोंदवावी याची माहिती: टेक्सासचा पत्ता आणि १-८०० ने सुरू होणारा, भारतातून न लागणारा दूरध्वनी क्रमांक.

त्यानंतर काउंटरवर जे घडले ते तीस वर्षांनंतरही जसेच्या तसे आठवते. ‘फुल’ असे लिहिलेले असताना खेळ अपुरा कसा, या प्रश्नावर सरांनी आधी फ्लॉपीच खराब केल्याचा आरोप केला, फ्लॉपी त्यांच्याच यंत्रात चालवून दाखवल्यावर ‘फुल’ म्हणजे फ्लॉपी पूर्ण भरलेली, असा खुलासा केला, आणि शेवटी रांगेत उभ्या असलेल्या मुलांकडे पाहत, “अरे, नऊ टप्पे खेळलास ना? मग पंचवीस रुपये कसले परत मागतोस?” असे विचारून हशा मिळवला. त्या हशात लेखकाचा सख्खा मित्रही सामील होता. फ्लॉपीत मावणाऱ्या माहितीचे परिमाण ठाऊक नसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या खुलाशाचा प्रतिवाद करता आला नाही, पण आज तो करता येतो: फ्लॉपीवर जागा शिल्लक होती. डॉलर पाठवावेत तर घरात आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड नव्हते, ‘फेरा’ हा परकीय चलनाचा कडक कायदा अद्याप लागू होता, आणि खेळासाठी परकीय चलन मागायला बँकेत जाण्याची कल्पना वडिलांपुढे मांडण्याजोगी नव्हती.

शेअरवेअरची वर सांगितलेली रीत लेखकाला बऱ्याच वर्षांनी कळली, आणि तेव्हा या तक्रारीचा पायाच डळमळला. त्या खोक्यातील इतर सगळे खेळ उघडउघड चोरीचे, पण संपूर्ण होते, आणि त्यांच्याबद्दल कोणीही कधी ब्र काढला नव्हता. ज्या एकाच फ्लॉपीच्या नकलेला निर्मात्याची संमती होती, तीच तेवढी फसवणूक वाटली. ‘फुल’ हा खोटा शब्द वजा केला, तर सरांनी त्या काउंटरवर केलेला बहुधा हा एकमेव कायदेशीर व्यवहार होता. हे पटते, तरी राग जात नाही. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की मोबाइलवरील आजच्या तथाकथित फुकट खेळांत पाचव्या मिनिटाला पैसे मागितले जातात, आणि त्यांच्या तुलनेत नऊ टप्पे कसलाही अडथळा न आणता देऊन टाकणारी ती पद्धत उदार म्हटली पाहिजे. पालकांनी मुलांना खेळ घेऊन देताना फुकट काय मिळते यापेक्षा ते कोठे संपते हे आधी पाहावे.

जुने डॉस खेळ आधुनिक संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रणालीमुळे ‘होकस पोकस’ आज पुन्हा खेळता येतो, आणि त्याचे चारही भाग रीतसर विकतही मिळतात. लेखकाने ते विकत घेतले. सोन्याची किल्ली पिवळी आहे, आणि लांबूनही चटकन ओळखू येते. दुसऱ्या भागाचा तिसरा टप्पा मात्र गेल्या दिवाळीपासून अर्धवट पडला आहे.