फाईल जाड, रिपोर्ट नॉर्मल

फाईल जाड आणि तिच्यातला एकूण एक कागद नॉर्मल, असं दिसलं की मी सावध होते. प्लेटलेट ठीक, पीटी ठीक, एपीटीटी ठीक, ब्लीडिंग टाइमही ठीक. आणि समोर आईच्या मांडीवर कपाळाला हे एवढं टेंगूळ घेऊन बसलेलं पोर. "सगळीकडे नॉर्मलच सांगतात हो मॅडम, मग रक्त का थांबत नाही?" या प्रश्नाला त्या फाईलमध्ये उत्तर नसतं. पीटी, एपीटीटी या चाचण्यांमध्ये रक्त गोठायला किती सेकंद लागले तेवढंच मोजतात. गुठळी झाली की मोजणी थांबते. ती पुढे टिकली की विरघळली, हे यंत्र बघतच नाही.

गुठळी टिकवणं हे फॅक्टर तेराचं काम. फायब्रिनचे धागे एकमेकांना नुसते चिकटून जाळं तयार होतं, ती कच्च्या टाक्याची शिवण. फॅक्टर तेरा त्यावर पक्की शिलाई मारतो. तो नसला तर रक्त वेळेवर थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, शिवण उसवते. त्यामुळे "काल पडला तेव्हा थांबलं होतं, आज परत सुरू झालं" हे वाक्य कानावर आलं की मी पेन खाली ठेवते आणि नीट ऐकते. स्वित्झर्लंडमध्ये डुकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली फॅक्टर तेरा नसण्याच्या या आजाराचा पहिला रुग्ण नोंदवला. साधारण वीस लाखांत एक असं याचं प्रमाण सांगतात, पण जिथे नात्यात लग्नं होतात तिथे ते वाढतं. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, तेव्हा वीस लाखांच्या आकड्यावर मी फारशी विसंबत नाही.

माझा पहिला प्रश्न बेंबीचा असतो आणि तो मी आजीला विचारते. आईला पहिल्या बाळंतपणातलं धड आठवत नाही; ती स्वतःच तेव्हा अर्धमेली असते. आजीला सगळं पाठ असतं. "नाळ पडली कधी, आजी?" "लवकर पडलीच नाही बघा. आणि पडल्यावर बेंबीतनं रक्त. बारशाला पाळण्यात घातला तर दुपटं भरलं. लोक म्हणाले बेंबी पिकली, हळद लावा." या आजारातल्या दहापैकी आठ मुलांना बेंबीतून असं रक्त येतं. हिमोफिलियात हे सहसा होत नाही. म्हणजे निदानाची निम्मी वाट बारशाच्या आठवणीतून जाते आणि ती आठवण कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर नसते. मग पुढचे प्रश्न: कान टोचले तेव्हा काय झालं, दुधाचे दात पडताना, जखमेचा व्रण कसा राहिला. आईला मी बाजूला घेऊन विचारते, दिवस राहून गेले होते का. तिच्याबद्दल नव्हे, तिच्या बहिणींबद्दल, नणंदांबद्दल. फॅक्टर तेरा नसलेल्या बाईचा गर्भ उपचारांशिवाय सहसा टिकत नाही. कितीतरी घरांत अशा बाईवर वांझपणाचा शिक्का बसलेला असतो.

संशय आला की चाचणी अगदी साधी. पाच मोलर युरिया लागतो, म्हणजे शंभर मिलिलिटरला तीस ग्रॅम. युरिया विरघळताना बाटली हाताला गार लागते, बाहेरून घाम सुटतो. (एका वडिलांनी हे ऐकून विचारलं होतं, "आम्ही उसाला टाकतो तोच?" तोच, फक्त शुद्ध.) मुलाच्या प्लाझ्मात कॅल्शियम घालून गुठळी करायची, सदतीस अंशांवर अर्धा तास ठेवायची आणि युरियात सोडायची. निरोगी माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशीही तशीच तरंगत असते. या मुलाची गुठळी आधी कडेने धूसर होते, मग लोंबते, आणि काही वेळाने नळी हलवावी तर आत काहीच नाही. शेजारी निरोगी प्लाझ्माची नळी असलीच पाहिजे, नाहीतर युरियाच बिघडलेला आहे की काय, हे कळायचं नाही.

एकच अट: नमुना रक्त किंवा प्लाझ्मा चढवण्याआधी घ्यायचा. पाच टक्के फॅक्टर असला तरी गुठळी टिकू शकते. त्यामुळे कालच प्लाझ्मा दिलेल्या मुलाची चाचणी खुशाल नॉर्मल येते आणि फाईलला आणखी एक कागद लागतो. आईवडिलांची चाचणीही नॉर्मलच येणार, कारण दोघांकडे निम्मा फॅक्टर असतो. म्हणून शक्य असेल तिथे नमुना मोठ्या केंद्रात पाठवून फॅक्टरची नेमकी पातळी मोजून घ्यावी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, तिथे रक्तस्रावाच्या दुर्मिळ आजारांवर काम चालतं.

घाई करायची ती डोक्यासाठी. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी मेंदूत रक्तस्राव होतो, कधी किरकोळ पडण्यानंतर. त्यामुळे निदान झालं की रक्त येण्याची वाट पाहायची नाही, आधीपासूनच फॅक्टर देत राहायचं. इथे हा आजार जरा उदार आहे. हिमोफिलियात देतात तो फॅक्टर आठ बारा तासांत निम्मा होतो. तेरा नऊ ते चौदा दिवस घेतो. चार आठवड्यांनी एकदा दिला तरी भागतं. तयार औषध महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून आमच्याकडे बरेचदा क्रायो (प्लाझ्मातून काढलेलं क्रायोप्रेसिपिटेट): बर्फासारख्या गोठलेल्या छोट्या पिशव्या, कोमट पाण्यात वितळवून लगेच चढवायच्या. ते दुसऱ्याचं रक्त आहे, त्याची जोखीम आहे, हे मी घरच्यांना सांगते. कावीळ बीची लस पूर्ण करून घेते. ॲस्पिरिन, ब्रुफेन बंद.

तारखा लक्षात ठेवण्यावरून मात्र माझं आणि नातेवाइकांचं बरेचदा जुंपतं. कार्ड हरवतं, मोबाइल बदलतो. एका आजींनी त्यांची पद्धत काढली: कालनिर्णयावर दर पौर्णिमेला लाल खूण. तिथीचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, माझे चार आठवडे अठ्ठावीसचे. दीड दिवसाने काही बिघडत नाही, मी लगेच मान्य केलं. हरकत घेते ती मे महिन्याला. कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं थंड, रक्तपेढीत क्रायोसाठी फोनावर फोन. तेव्हा वैशाखातली पौर्णिमा धरायची नाही, पिशव्या मिळतील त्या दिवशी आठवडाभर आधीच या, असं मी त्यांना चैत्रातच सांगून ठेवते.