एकास आमंत्रण, सोबत लवाजमा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, महालातील आमच्या घरी, कूलर काही वेळ बंद ठेवून आजीच्या जात्यावरील ओव्या संगणकावर मुद्रित कराव्या असा मी संकल्प केला. संगणक जुना व त्यातील जागा बेताचीच. त्यावर लिनक्स कुलातील 'डेबियन' ही प्रणाली होती. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम पूर्वीच होता. मुद्रित झालेले ऐकण्यासाठी एक लहानसा प्रोग्राम तेवढा मी मागविला.

संगणकाने एक लांबलचक यादी पुढे करून 'हे सर्व घेऊ काय?' असे विचारले. मी ती न वाचताच होकार दिला. त्या एका प्रोग्रामबरोबर निराळ्याच डेस्कटॉपचा सारा संसार माझ्या घरात येऊन बसला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

आजी गाऊ लागली. न आकसलेल्या स्टिरिओ ध्वनीस मिनिटास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. मध्येच जागा संपली व मुद्रण थांबले. ते माझ्या ध्यानी आले तेव्हा तिचे गाणेही संपले होते. "आजी, शेवटच्या दोन ओव्या पुन्हा म्हणतेस का?" मी विचारले. ती हसून म्हणाली, "बाळा, ओवी जात्याबरोबर येते, मागितली म्हणून येत नाही." त्या दोन ओव्या तिला पुन्हा आठवल्या नाहीत.

प्रथम मला त्या प्रोग्रामचाच राग आला. परंतु पुढे विचार करता दोष माझाच आढळला. परावलंबन मुळात वाईट नव्हे. अनेक प्रोग्रामांना लागणारी सामग्री एकदाच ठेवून सर्वांनी वापरावी, यात काटकसरच आहे. 'ऑडॅसिटी' या प्रसिद्ध प्रोग्रामास एमपी-३ फाइल करण्यासाठी 'लेम' नावाचा सोबती पुष्कळ वर्षे वेगळा आणावा लागे, कारण त्या तंत्रावर पेटंटांचे बंधन होते. २०१७ साली ते बंधन सरले. असा सोबती खऱ्या गरजेचा होय.

डेबियनमध्ये तर सोबत्यांच्या तीन पायऱ्याच ठरविल्या आहेत: ज्यांच्यावाचून काम अडते ते, ज्यांची शिफारस आहे ते, आणि जे केवळ सुचविलेले आहेत ते. आपण मना न केल्यास पहिल्यांबरोबर दुसऱ्या पायरीचेही आत येतात. मना करण्याची सोय आहे. आधी यादी मात्र वाचली पाहिजे. मागाहून मी तो प्रोग्राम व त्याचा लवाजमा काढून टाकला, आणि शिफारशी वगळून एक साधा प्रोग्राम घेतला. आता जागा भरपूर आहे व आजीच्या इतर ओव्याही संग्रही आहेत. फक्त त्या दोन नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, होकार देण्यास एक क्षण पुरतो, यादी वाचण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी वाचविली, आणि दोन ओव्या गमावल्या.