गोरं होण्याची ट्यूब

रमजानचे शेवटचे दिवस आले की विजापूर वेशीत मीना बाजार भरतो आणि सोलापुरातल्या शाळकरी मुलींचे पाय आपोआप तिकडं वळतात. नव्वदच्या दशकात आम्ही चौघी मामे-मावसबहिणी खालाजानच्या बुरख्याचा पदर धरून तिथं जायचो. प्रत्येकीला ईदीतली वीस रुपयांची आगाऊ उचल मिळायची. बांगड्यांत दहा जायचे, उरलेल्यांत नेलपॉलिशची एक बाटली आणि चौघींत मिळून एक लिपस्टिक. तीच ओठांना, तीच गालांना. पावडर मात्र घरची, आणि ती हात राखून लावायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षांतले ईदचे फोटो पाहिले तर चौघींचे चेहरे पांढरेफटक आणि मनगटं गव्हाळ. नानी म्हणायची, "आटे में मुँ डालको आई क्या गे?"

नेलपॉलिशची तऱ्हा आणखी वेगळी. चाँदरातीला हौसेनं लावायची आणि फज्रला वुजूचं पाणी नखाला पोचत नाही म्हणून खरवडायची. रिमूव्हर कुणाकडं? ब्लेडनं, नाहीतर सेफ्टी पिननं. ईदगाहकडून अब्बा परत येईपर्यंत पुन्हा लावलेली असायची. असल्या गोष्टींना आम्ही चूक म्हणत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आरशापुढं जे व्हायचं तेच होत होतं, आणि साबणानं धुतलं की जात होतं.

जे धुऊन गेलं नाही ते मीना बाजारातून आलं नव्हतं. ते घरातून आलं.

चौघींतली तिसरी रंगानं सावळी. अभ्यासात, शिवणकामात, कुरआन पढण्यात ती आमच्या पुढं, पण पाहुणे आले की तिची ओळख एकाच वाक्यात व्हायची: "लडकी अच्छी है, जरा रंग दबा है." तिच्या आपाचा निकाह ठरला आणि त्या लग्नात हिलाही चार लोक पाहतील असा हिशेब घरात सुरू झाला. ती दहावीत होती. तिचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. सोलापूरचं ऊन, शेडमधली उष्णता, अंगाला चिकटलेला घाम. त्यांना कमरेला गजकर्ण व्हायचं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय एक ट्यूब दिली होती. फूफूंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, ही तोंडाला लावली की रंग खुलतो, आमच्या शेजारणीच्या मुलीनं लावली होती.

आणि रंग खुलला की! दोन-तीन आठवड्यांत पुटकुळ्या गेल्या, चेहरा उजळ, तुकतुकीत. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. आम्हा बाकीच्या तिघींना हेवा वाटला हे खरं. ट्यूब आमच्यापर्यंत आली नाही याचं कारण शहाणपण नव्हे. ती संपली होती.

नवी आणेपर्यंत आठवडा गेला आणि तेवढ्यात तिचा चेहरा पेटला. लालबुंद गाल, चुलीजवळ बसल्यासारखी आग, बारीक पुरळ. पुन्हा ट्यूब लावली की शांत, थांबवली की दुप्पट. असं वर्षभर चाललं. तोवर गालावर लव दाट झाली होती आणि कातडीखालच्या लाल शिरा जाळीसारख्या दिसायला लागल्या होत्या. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसकडं गेला की ती दुपारभर ओला दुपट्टा तोंडावर घेऊन पडून राहायची. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, आजकालच्या पोरींना मेकअपचा फार नाद, भोगा आता. तिनं तोवर लिपस्टिकशिवाय काही लावलंही नव्हतं. हे वाक्य आम्हाला अजून टोचतं.

शेवटी त्वचारोगाच्या एका डॉक्टरीणबाईंनी ट्यूब मागितली, उजेडाकडं धरून वाचली आणि खालाला सगळं समजावून सांगितलं. त्या मलमात बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मंदावतात. म्हणून सुरुवातीला चेहरा चमकतो. पण कातडी पातळ होत जाते आणि तिला त्या औषधाची सवय लागते. आज त्वचारोगतज्ज्ञ याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' म्हणतात, आणि हा विकार आपल्या देशात इतका पसरला की २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. बंदी कागदावर आहे. गल्लीतल्या दुकानात काय चालतं ते वाचणाऱ्या भगिनींना सांगायला नको.

बाईंनी त्या दिवशी तिला एक शब्दही बोलून दाखवला नाही. खालाला मात्र विचारलं, "दहावीतल्या मुलीचा रंग कुणाला बदलायचा होता?" खाला गप्प बसल्या. फूफू बरोबर आल्या नव्हत्या.

पुढं बाजार बदलला. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढलं आणि 'ग्लो अँड लव्हली' झाली. त्यामुळं घरातली बोलणी बदलली असं नाही. उलट आता भाच्यांच्या मोबाइलवर सात दिवसांत गोरं करणाऱ्या डब्या दिसतात; लेबलवर परदेशी अक्षरं, कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. यातल्या काहींत पारा असतो. पारा रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून तोही झटकन गुण दाखवतो. पण कातडीतून रक्तात उतरून मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं अशा क्रीमनं बिघडल्याचं २०२३ च्या सुमारास समोर आलं. पारा सापडला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाल्यावर. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही अशाच क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार नोंदवला. पायांवर सूज, लघवीला फेस, ही सुरुवात. कोण म्हणेल याचा तोंडाच्या क्रीमशी संबंध आहे?

आपल्या घरांत आणखी दोन गोष्टी बघायला हव्यात. अर्ध्या तासात काळीभोर रंगणारी मेहंदी ही मेहंदी नसते. पाल्याचा रंग आधी नारिंगी येतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. झटपट काळ्या रंगात बहुधा केस काळे करण्याचं पीपीडी हे रसायन असतं. हातावर फोड येतात ते वेगळंच, पण पुढं जन्मभर केसांच्या डायची ॲलर्जी मागं लागू शकते. सुरम्याचं बोलायला जीभ जड होते, कारण त्याच्याशी आपल्या श्रद्धा जोडलेल्या आहेत. पण बाजारातला चमकदार काळा सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजाचा असतो, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो घालू नये एवढं तरी घरातल्या मोठ्यांना समजावता येतं. आमच्या नानीनं ऐकलं होतं, फक्त आठ दिवस बोलली नाही.

तिसरीचा चेहरा शांत व्हायला दीड वर्ष लागलं. शिरा अजून दिसतात. तिचं लग्न झालं, दोन मुली आहेत, धाकटी तिच्यासारखीच सावळी. मागच्या वर्षी एका वलीम्यात कुणीतरी त्या धाकटीकडं पाहून "रंग" एवढाच शब्द काढला, तर हिनं हातातली प्लेट खाली ठेवली आणि मुलीला घेऊन सरळ दुसऱ्या दस्तरख्वानवर जाऊन बसली. काही बायकांना ते उद्धटपणाचं वाटलं. आम्ही तिघी आपापल्या प्लेटा उचलून तिच्या शेजारी गेलो.

तुमच्या घरात कुणी अशी ट्यूब लावत असेल तर आधी तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडं आहेत. वेष्टनावर लाल उभी रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. मर्क्युरी, मर्क्युरिक किंवा कॅलोमेल लिहिलं असेल, किंवा डबीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर लावणं लगेच थांबवा आणि डॉक्टरांना लघवीची तपासणी करायची का ते विचारा. स्टेरॉइड बरेच महिने लावलं असेल तर आपल्या मनानं एकदम सोडू नका, चेहरा भडकतो. त्वचारोगतज्ज्ञाकडं जा, ते हळूहळू सोडवतात. जाताना ट्यूब सोबत न्या, रिकामी असली तरी.